चहाबरोबर एकच पदार्थ

पोरी, मंडळीची वही आता तुझ्याकडे आली, तेव्हा चार गोष्टी लिहूनच देते. तोंडी सांगितल्या तर तू “हो आत्या, हो आत्या” म्हणशील आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरशील. शिवाय यातल्या निम्म्या गोष्टी चारचौघांत बोलण्यासारख्या नाहीत. सगळं शहाणपण माझं नाही. बरंचसं आमच्या मिशनच्या मास्तरांचं, थोडं मुंबईला नोकरीत असताना ज्या संघात मी प्रतिज्ञा घेतली तिथल्या म्हाताऱ्यांचं, आणि उरलेलं दवाखान्यातल्या वॉर्डातलं. मला विचारशील तर वॉर्डातलंच जास्त कामाला आलं.

आधी आपण कोण ते समजून घे, म्हणजे उगाच मोठेपणा अंगात शिरायचा नाही. असिसीकर संत फ्रान्सिसच्या प्रापंचिक संघाची रीत फार जुनी. लग्न करून, शेती-नोकरी सांभाळून, घरातच राहून त्याच्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्यांसाठी १२२१ साली पहिली लेखी नियमावली झाली. पुढे चौथ्या निकोलस पोपनी १२८९ साली आणि तेराव्या लिओंनी १८८३ साली ती नव्यानं दिली. आज चालते ती सहाव्या पॉलनी २४ जून १९७८ रोजी मंजूर केलेली. तिच्या घटनेप्रमाणे एखाद्या गावात संघ रीतसर उभा राहायचा तर कायमची प्रतिज्ञा घेतलेली किमान पाच माणसं लागतात. देऊळगाव राजात आपण तेवढे नाही. आपण स्वतःला संघ म्हणतो ते लाडानं. खरं पाहिलं तर मोजक्या घरांची ही प्रार्थनेची मंडळी, आणि त्यातही काही घरं प्रोटेस्टंट. ती येतात याचा आनंद मान, त्यांना जपमाळ हातात घ्यायचा आग्रह करू नको.

कागदाचं म्हणशील तर आपला बुलडाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. तो धर्मप्रांत १९५५ सालचा. पण आपले पाय वळतात जालन्याकडे, आणि जालना १९७७ साली झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात. जिकडची एसटी सोपी तिकडची मिस्सा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त दोन्हीकडच्या फादरांना आपण काय करतो, कुठे जमतो हे कळवत राहा. वेगळी चूल मांडली असं कुणाला वाटायला नको.

आता वार आणि वेळ. आठवडी बाजाराचा दिवस टाळ, हे तुला सांगायला नको. पण वर्षातल्या काही तारखा आपल्या गावाच्या आहेत, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. आश्विनात बालाजीची यात्रा असते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला सगळे रस्ते सिंदखेड राजाकडे वाहतात. संत फ्रान्सिसचा सण ४ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका सोयाबीन काढणीच्या दिवसांत. शेतात मळणीयंत्र येऊन उभं असताना कुणी दुपारी प्रार्थनेला यायचं नाही, आणि न आलेल्याला बोल लावणाऱ्यानं एक दिवस सोयाबीन काढून पाहावं. अशा महिन्यात सभा रात्री आठला ठेव, नाहीतर सरळ आठवडाभर पुढे ढकल.

आणि सुरुवात कितीला यापेक्षा सुटायचं कितीला हे आधी सांग. सव्वा तासात सोडतेस हे एकदा लोकांना पटलं की ते वेळेवर येतात. दोघीच आल्या असल्या तरी ठरल्या वेळी क्रूसाची खूण करून सुरू कर. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलीस तर वेळेवर येणाऱ्याला शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी तोही उशिरा येतो.

चहाचं जरा सविस्तर सांगते, कारण मंडळ्या मोडतात त्या धर्मावरून कमी आणि चहावरून जास्त.

आपला नियम असा: ज्याच्या घरी सभा, त्यानं चहा आणि एकच कोरडा पदार्थ द्यायचा. शेव तर शेव, मुरमुरे तर मुरमुरे, बिस्किटं तर बिस्किटं. हा नियम कंजूषपणाचा वाटतो, मलाही आधी वाटायचा. पण एका मंडळीत काय झालं ते मी पाहिलंय. पहिल्या घरी पोहे झाले. दुसऱ्या घरच्या बाईनं पोह्यांबरोबर जिलेबी ठेवली. तिसऱ्या घरी समोसे बाहेरून आले आणि वर थंड पेय. चौथं घर रोजंदारीवरचं होतं. त्या माणसानं सांगितलं, “आमच्याकडे जागा अपुरी पडते, यंदा नको.” सगळ्यांनी मान डोलावली. जागा काही अपुरी नव्हती. त्याच खोलीत त्यानं मुलीचा बाप्तिस्मा केला होता तेव्हा वीस माणसं बसली होती. पाचव्यानंही कारण काढलं. वर्ष संपेपर्यंत सभा तीनच घरी फिरू लागल्या, आणि ज्यांच्या घरी सभा होत नव्हती ती माणसं हळूहळू पाहुण्यासारखी दारापाशी बसू लागली. मग येईनाशी झाली. कुणी कुणाला एक शब्द वाईट बोललं नव्हतं.

म्हणून सांगते, नियम मोडणारं पहिलं घर नेहमी चांगलं खातं-पितं असतं, आणि ते प्रेमानंच मोडतं. तिथल्या तिथे चार माणसांत टोकू नकोस. समोर आलेलं गपचूप खा, दुसऱ्या दिवशी एकटी जा आणि सांग, “ताई, तुमचा हात मोठा आहे, तो आजाऱ्यांच्या पैशात दाखवा.” बहुतेक जणी समजून घेतात. एखादी रुसते. रुसू दे.

पेल्यांचंही असंच आहे. मंडळीचे स्वतःचे स्टीलचे पेले आहेत, सगळे एका मापाचे, एका पिशवीत. ते घरोघर सभेबरोबर फिरतात. हे मास्तरांचं डोकं. यजमानाचे कप वापरले की दोन फुटके निघतात, मग कुणाला काचेचा, कुणाला स्टीलचा, आणि कुणाला कसला दिला याकडे पोरीबाळींचंसुद्धा लक्ष असतं. ज्यांच्या आजोबांनी बाहेरच्या ओट्यावर, वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा प्यायलाय, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पेले धुवायची पाळी लावून दिली आहे, त्यात पुरुषांचीही नावं आहेत. ती यादी बदलायचा सूर निघेल. बदलू नको.

हा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगते. मेहुणा राजा आपल्याच तालुक्यातलं गाव. चोखोबांचा जन्म तिथला असं परंपरा सांगते. खडकपूर्णेच्या धरणालाही त्यांचंच नाव दिलंय. त्यांच्या घरात एकटे चोखोबाच अभंग रचत नव्हते. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. मला हे घर फार आवडतं. देवळात जाऊ देत नव्हते, तर या माणसांनी घरातच एकमेकांना धरून ठेवलं. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली सापडून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वाराच्या पायरीपाशी समाधी बांधली. मंडळी म्हणजे काय हे पोरांना शिकवायचं असेल तर असिसीपर्यंत जायची गरज नाही, मेहुणा राजाला सायकलवर जाता येतं.

मराठवाड्यातली आणि इकडच्या कडेची जुनी ख्रिस्ती घरं बरीचशी महार-मांग वाड्यांतूनच आलेली आहेत. आपल्यात बदलीवर आलेलं एखादं गोव्याचं किंवा वसईचं कुटुंब येतं, केरळची नर्स येते. पहिल्या चहालाच कुणीतरी विचारतं, “तुम्ही मूळचे कुठले?” प्रश्न साधा असतो, पण उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघत जा. तू यजमानीण असलीस तर तो प्रश्न मध्येच उचल आणि गावाच्या नावावर संपव. आपण ख्रिस्ती झालो म्हणून जात दाराबाहेर राहिली असं समजू नको. गोव्यातल्या जुन्या कॉन्फ्रारियांमध्ये, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांमध्ये, सणाला झगा कुणी घालायचा आणि मान कुणाचा यावरून जातीजातींत भांडणं झालेली आहेत, कोर्टापर्यंत गेलेली आहेत. सतरंजीवर सगळ्यांनी गोल बसायचं. खुर्ची ज्याचे गुडघे दुखतात त्याला, मग तो कुणीही असो. साहेबांसाठी वेगळी खुर्ची आणायला कुणी धावलं तर त्याला म्हणावं, साहेबांचे गुडघे चांगले आहेत.

पैशाचं थोडक्यात, पण पक्कं. नियमावलीप्रमाणे प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे काहीतरी द्यायचं असतं. ताट फिरवू नको, झोळी फिरव, तोंड बारीक असलेली. ही रीत संत व्हिन्सेंट डी पॉलच्या मंडळींची. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन ते काम सुरू केलं, आणि त्यांच्या सभेत गोळा होणारे पैसे आजही झाकूनच गोळा होतात. रिकामी मूठ आत गेली आणि रिकामीच बाहेर आली तरी शेजारच्याला कळत नाही. महिनाअखेरीला ज्याच्या खिशात काही नसतं, तोही त्यामुळे सभेला येऊ शकतो.

पोस्टातलं खातं दोघांच्या सहीचं आहे, ते तसंच ठेव. हिशेब दर महिन्याला मोठ्यानं वाच, चाळीस रुपयांचा असला तरी. कुणाला मदत केली ते नाव वाचू नको; “औषध” एवढंच लिहायचं, नाव तुला आणि खजिनदाराला ठाऊक असलं म्हणजे झालं. आणि मंडळीचा पैसा कुणालाही उसना द्यायचा नाही. भिशी वेगळी. कधी ना कधी कुणीतरी मुलीच्या लग्नासाठी मागेल, माणूस चांगला असेल, नड खरी असेल. तरी नाहीच म्हण. मग संध्याकाळी घरी जा आणि स्वतःच्या पदरचे, परत आले नाहीत तरी चालतील एवढेच, त्याच्या हातावर ठेव. उसने घेतलेला माणूस आधी पैसे बुडवत नाही, आधी सभा बुडवतो. तोंड दाखवायची लाज वाटते त्याला. पैसेही जातात आणि माणूसही.

आजाऱ्याला भेटायला जाणं हे आपलं खरं काम, आणि त्यात मी तुला ऐकवणारच, कारण जन्म त्यात गेला. आपल्या प्रापंचिक संघाची आश्रयदात्री हंगेरीची संत एलिझाबेथ. राजकन्या होती, विधवा झाल्यावर १२२८ साली तिनं जर्मनीत मारबुर्गला दवाखाना काढला आणि स्वतः रोग्यांचं करत राहिली. १२३१ साली गेली तेव्हा तिची पंचविशीही झाली नव्हती. तिचा सण १७ नोव्हेंबरला. त्या दिवशी भाषणं ठेवू नको, कुणाच्या तरी उशाशी जा.

जाताना दोघींनी जा. एकटीला बोलण्यात गुंतवलं जातं. पलंगावर बसायचं नाही. पलंग हलला की टाके ओढले जातात, सलाईनची नळी ताणली जाते. उभ्यानंच बोल किंवा स्टूल घे. दहा मिनिटं पुष्कळ झाली. “डॉक्टर काय म्हणाले” हे रोग्यासमोर विचारू नको, त्याला सगळं सांगितलेलंच असतं असं नाही. आणि “आमच्या अमक्याला हेच झालं होतं” या वाक्यानं सुरू होणारी कोणतीही गोष्ट सांगू नको. त्या गोष्टीतला अमका बहुधा मेलेला असतो.

फळांची पिशवी घेऊन जायची सवय मोड. शहाळं आणि केळी म्हणजे आजाऱ्याला अमृत असं आपल्याकडे धरतात; पण ज्याची किडनी बिघडली आहे त्याला त्यातलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. मी नातेवाइकांच्या हातातून शहाळी काढून घेतलेली आहेत आणि त्यांचा राग ओढवून घेतला आहे. त्यापेक्षा पंचा ने, साबण ने, प्लास्टिकचा मग ने, मोबाइलचा चार्जर ने, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ने. जालन्याच्या दवाखान्यात रात्री खाली चहा प्यायला गेलेल्या माणसाकडे सुटे नसतात, ही तुला क्षुल्लक गोष्ट वाटेल. आणि सगळ्यांत मोठी मदत म्हणजे एक रात्र. सोबतीला बसलेली बाई चार रात्री झोपलेली नसते. तिला म्हणावं, आज तू घरी जा, अंघोळ कर, झोप, मी बसते. हे करणाऱ्या बाईला प्रार्थना पाठ येत नसली तरी चालेल.

प्रार्थना करायची तर हळू आवाजात, प्रभूची प्रार्थना एकदा, आणि शेजारच्या खाटेवरच्यांना विचारून. दुसऱ्या रोग्याच्या डोक्यावर हात ठेवायला जायचं नाही, तो कितीही आपुलकीनं बघत असला तरी. फादरांना तैलाभ्यंगासाठी बोलवायचं ते माणूस शुद्धीवर असताना. आपल्याकडे शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात, आणि मग फादर दारात दिसले की रोग्याला यमदूत आल्यासारखं वाटतं. तो आजाऱ्यांसाठीचा संस्कार आहे. मोठं ऑपरेशन ठरलं की आदल्या दिवशीच बोलव. आणि दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाकडे पहिल्या आठवड्यात सगळं गाव जातं. तू तिसऱ्या आठवड्यात जा.

भांडणं होतील. ती कुठे होतात ते सांगते: उत्स्फूर्त प्रार्थनेत. “हे प्रभू, काही लोकांना सद्बुद्धी दे,” असं कुणी डोळे मिटून म्हणालं की समजावं, गेल्या आठवड्यात नळावर काहीतरी झालंय. मग समोरची बाई डोळे मिटूनच उत्तर देते, “प्रभू, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पाहणाऱ्यांना क्षमा कर.” मी तर एकदा हसू दाबायला पदर तोंडात धरला होता. यावर उपाय म्हणजे विनंत्या एकेका वाक्याच्या ठेवायच्या आणि माणसाचं नाव घेऊन मागायचं: अमक्याच्या तापासाठी, तमकीच्या परीक्षेसाठी. “काही लोक” चालणार नाहीत. भांडणाऱ्या दोघींना एका कामावर एकत्र पाठवायचं हा मास्तरांचा दुसरा उपाय. दोघींना मिळून गव्हाणीसाठी गवत आणायला धाडलं की येताना निदान एकमेकींशी गवताबद्दल तरी बोलतात.

प्रमुखपण तीन वर्षांचं. घटनेत दर तीन वर्षांनी निवडणूक सांगितलेली आहे. लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येतं. तिसऱ्यांदा यायचं तर हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि त्यापुढे नाही. आपण एवढीशी मंडळी, आपल्याला कोण विचारतंय, असं म्हणून हे सोडू नको. लहान मंडळीतच एक माणूस वीस-वीस वर्षं चिकटतो, आणि तो गेला की वहीही सापडत नाही. खुद्द फ्रान्सिसनं १२२० साली, संघ जोरात वाढत असताना, कारभार पीटर कातानींच्या हाती दिला आणि स्वतः त्यांच्या आज्ञेत राहिला. मी आता मागच्या ओळीत बसणार. सभेत कुणी “आत्यांच्या वेळी असं नव्हतं” म्हणालं तर माझ्याकडे बघू नको, मीही छताकडे बघेन.

नव्या माणसाची घाई नको. नियमावलीतच आधी ओळखीचा काळ आणि मग निदान एक वर्ष उमेदवारीचं सांगितलंय, तेव्हा कुठे प्रतिज्ञा. एवढा धीर मोठ्या संघाला आहे तर आपल्यालाही असावा. मदत आणि सभासदत्व यांची गाठ कधी घालू नको. धान्याच्या पिशवीत प्रार्थनेचं पत्रक टाकायचं नाही. मदत घेणाऱ्याला “रविवारी या” म्हणायचं नाही. हे आजच्या दिवसांच्या भीतीनं सांगते असं समजू नको, मास्तर हे फार आधीपासून सांगत. शेजारची कुणी कुतूहलानं येऊन बसली तर चहा दे, गाणी ऐकू दे, वहीत नाव मात्र लिहू नको.

१२१९ साली धर्मयुद्ध पेटलेलं असताना फ्रान्सिस नि:शस्त्र इजिप्तच्या सुलतानाला, अल-कामिलला भेटायला गेला. परत आल्यावर १२२१ च्या नियमांत त्यानं आपल्या बंधूंना लिहून दिलं की परधर्मीयांत राहायचं तर वाद घालू नका, सगळ्यांच्या सेवेत राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं लपवू नका. आपल्या गल्लीत हे फार अवघड नाही. ईदेचा शिरखुर्मा येतो, दिवाळीचा फराळ येतो. नाताळच्या करंज्या ताटभर करून ठेव आणि पोरांच्या हाती वेळेवर पाठव, शिळ्या झाल्यावर नको. यात्रेच्या गर्दीत दारात पाण्याचा माठ ठेव. माठावर मंडळीचं नाव लिहायचा विचार तरुण पोरं मांडतील. त्यांना म्हणावं, पाणी भरायची पाळी आधी लावा.

गाण्यांचं काय ते तू जाणतेस, तुझा गळा चांगला आहे. ना. वा. टिळकांची पदं प्रोटेस्टंट घरांनाही पाठ असतात, म्हणून सुरुवात तिथून कर. उपवासकाळात फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातला एखादा प्रसंग वाचून घेत जा. १६१६ साली गोव्यात छापलेलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं पुस्तक आहे. पोरांना भाषा अडते, पण ओवीची चाल लागली की म्हातारी माणसं मान हलवू लागतात. केरळच्या सिस्टरना जपमाळेतलं एक दशक मल्याळममध्ये म्हणू दे. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फक्त तारीख, वेळ आणि घर टाकायचं. गुलाबाची फुलं आणि सुप्रभात टाकणाऱ्यांना एकदा प्रेमानं सांग, दुसऱ्यांदा ग्रुप बंद कर.

मरणाची तयारी आधी ठेव. हे अभद्र वाटलं तरी पहिल्या तासात काय करायचं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असू दे. कुणी कुणाला फोन करायचा. फादरांना कुणी कळवायचं. दफनाची जागा कुठली आणि खड्डा कोण खणणार, त्याचा नंबर. पेटी जालन्याहून आणायची तर गाडी कुणाची. नगरपालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दु:खातल्या घराला त्याची शुद्ध नसते, म्हणून कागदपत्रांना एक माणूस वेगळा नेम. दफनाची नोंद चर्चच्या वहीतही झाली का ते बघ, पुढे पेन्शनीला, वारसाला तोच कागद शोधत लोक येतात. घरात चूल पेटत नाही तेव्हा पिठलं-भाकरीच्या पाळ्या लाव, आणि डबे परत मागायला कुणी जाऊ नये म्हणून जुनेच डबे दे. आणि नवरा गेलेल्या बाईच्या शेजारी एक खमकी बाई बसव. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला ख्रिस्ती घरांतही एखादी म्हातारी पुढे येते. तिचा हात धरायला कुणीतरी पाहिजे. २ नोव्हेंबरला मृतांच्या सणाला कबरी साफ करायला सगळ्यांनी जा. ज्या कबरीला कुणी वारस उरला नाही तिच्यापासून सुरुवात करा.

वर्षातून एक प्रवास काढ. सगळ्यांत जवळचं म्हणजे वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव, जिथे फ्रान्सहून आलेले फादर गुरियन जाकिए लोकांत मिसळून राहिले. तिथे सगळ्या जातीधर्मांची माणसं अजून त्यांचं नाव काढतात. पैसे साठले तर एकदा गोव्याला, गोवा वेल्ह्याला जा. उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी तिथे संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघानं, म्हणजे आपल्याच प्रापंचिक संघानं, सतराव्या शतकात ती सुरू केली. पोर्तुगीज सरकारनं १८३०च्या दशकात संन्यासी संघ बंद केले, मठ ओस पडले, पण मिरवणूक आजही आहे, कारण मूर्ती खांद्यावर घेणारी माणसं गावातली, प्रपंचातली. प्रवासात भाडं सगळ्यांचं सारखं आणि जेवण ज्याचं त्याचं बांधून. ज्याला भाडं परवडत नाही त्याचं झोळीतून, आणि ते खजिनदाराखेरीज कुणाला कळता कामा नये.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी फ्रान्सिस गेला. २०२६ साली त्याला ८०० वर्षं होतात, तेव्हा जिकडेतिकडे कार्यक्रम, आणि आपल्याकडेही फ्लेक्स लावायची टूम निघणार. फ्लेक्स नको. जाताना त्याला उघड्या जमिनीवर निजायचं होतं, हे लक्षात ठेव. सतरंजी, एक मेणबत्ती, त्याच्या मरणाचं वाचन, दोन गाणी. जालन्याहून फादर यायचे असतील तर महिनाभर आधी विचार, कारण त्या रात्री त्यांना सगळीकडून बोलावणं असेल, आणि परतीची शेवटची गाडी कितीची ते डेपोत जाऊन बघ. फोनवर सांगितलेल्या वेळेवर विसंबू नको.